कानात डोकावणारा थर्मामीटर

कानाच्या थर्मामीटरबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: तीनदा बटण दाबलं की तीन आकडे दाखवतो. आधी ३७.४, लगेच ३८.१, मग ३७.८. अंग हाताला कढत लागतंय, मूल मलूल पडलंय आणि यंत्र काही एका आकड्यावर ठाम राहत नाही. मग 'हे डिजिटल प्रकरण काही खरं नाही' असा निकाल लागतो आणि डबी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जाते.

यंत्राची बाजू घ्यायची तर त्यानं तिन्ही वेळा खरंच सांगितलं. फक्त तिन्ही वेळा त्यानं वेगळी जागा पाहिली. 'पाहिली' हा शब्द मुद्दाम वापरतोय. काखेत किंवा तोंडात धरायचा थर्मामीटर शरीराला चिकटून बसतो, हळूहळू शरीराएवढा गरम होतो आणि शेवटी स्वतःचंच तापमान सांगतो. पाऱ्याची नळी हेच करायची, टोकाला धातू असलेली डिजिटल कांडीही हेच करते. कानाचा थर्मामीटर कानाच्या पडद्याला टेकत नाही, टेकवायचाही नसतो. तो बाहेरूनच आत डोकावतो. एकच ठिपका टिपणारा कॅमेरा म्हणा ना. कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे असेल तर फोटो भिंतीचाच येणार.

आता तो नेमकं काय पाहतो? विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला थर्मामीटर सर्वांत जास्त चढला. हेच अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार ते बाहेर टाकत असते. ३७ अंशांचं मानवी शरीर सगळ्यात जास्त किरण टाकतं ते साधारण ९.३ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींत. आपल्या डोळ्यांना हा उजेड दिसत नाही, एवढंच. नाहीतर अंधारात आपण सगळेच कंदिलासारखे दिसलो असतो.

शरीर तापलं की हा उजेड वाढतो. वाढ केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातानुसार होते, पण ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ३१० केल्विन, त्यामुळे एका अंशानं फरक पडतो तो जेमतेम १.३ टक्के. आणि यंत्राला दशांश अंश दाखवायचा आहे, म्हणजे हजारात एकदीड भागाएवढा फरक ओळखायचा आहे, तोही एकदोन सेकंदांत. हे काम थर्मोपाइल नावाचा इवलासा सेन्सर करतो. दोन वेगळ्या धातूंच्या किंवा अर्धवाहकांच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक पडला की किंचित व्होल्टेज तयार होतं. असे पुष्कळ सांधे एकापुढे एक जोडून ते मोजण्याजोगं करतात.

इथे एक मेख आहे. थर्मोपाइलला कळतो तो फक्त फरक: समोरची वस्तू आपल्यापेक्षा किती गरम आहे, एवढाच. म्हणून यंत्राला स्वतःचंही तापमान ठाऊक असावं लागतं आणि त्यासाठी आत दुसरा सेन्सर बसवलेला असतो. यंत्र गार खोलीतून उबदार खोलीत आणलं, किंवा बराच वेळ मुठीत धरून ठेवलं, तर त्याचे आतले भाग एकसारख्या तापमानाला नसतात आणि हिशेब चुकतो. माहितीपुस्तिकेत 'वापरण्याआधी अर्धा तास त्याच खोलीत ठेवा' असं लिहिलेलं असतं, त्याचं कारण हे. ही सूचना जवळजवळ कोणीच पाळत नाही. रुग्ण ज्या खोलीत झोपतो तिथेच यंत्र ठेवलं की पाळायची वेळही येत नाही.

मुळात कानच का? शरीराचं तापमान ठरवणारा मेंदूचा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस. त्याला आणि कानाच्या पडद्याला रक्त येतं ते मानेतल्या कॅरोटिड धमन्यांच्याच फांद्यांतून. पडदा पातळ आहे, बाहेरच्या हवेपासून आडोशाला आहे आणि शरीराच्या आतलं तापमान बदललं की तो लवकर बदलतो. गुदद्वारातलं तापमान त्या मानानं आळशी. ताप चढताना आणि उतरताना ते मागे रेंगाळतं. थिओडोर बेन्झिंगर या संशोधकांनी १९५०-६०च्या दशकांत कानाच्या पडद्यापाशी बारीक तारांचे सेन्सर ठेवून हे अभ्यासलं. तारा कानात घालायची पद्धत घरी चालणारी नव्हतीच. १९८०च्या दशकात जेकब फ्रेडन यांनी अवरक्त किरणांवर चालणारा कानाचा थर्मामीटर बनवला आणि तिथून तो दवाखान्यांत आणि मग घरांत आला.

जागा उत्तम, पण वाट वाकडी. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ बोगद्यासारखी नसते, हलकी नागमोडी असते. नळीच्या भिंती बाहेरच्या बाजूला गार आणि आत जावं तशा ऊबदार. तुम्ही यंत्राचं टोक नुसतं कानावर टेकवलंत तर त्याला दिसते वळणाची भिंत, पडदा नव्हे. म्हणून कान ओढायचा. एक वर्षापेक्षा मोठं मूल आणि प्रौढ माणूस असेल तर कान वर आणि मागे. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर सरळ मागे. ओढ हळू, पण नळी सरळ होईल इतकी. मग टोक कानाच्या तोंडात नीट बसेल असं घालायचं, फट राहू द्यायची नाही, रोख पलीकडच्या डोळ्याकडे ठेवायचा आणि बटण दाबून आवाज येईपर्यंत हात हलवायचा नाही. मूल वळवळत असेल तर त्याला मांडीवर घेऊन डोकं छातीशी धरावं. झोपलेल्या मुलाचा ताप पाहणं फारच सोपं, फक्त उशीवर टेकलेला कान नको, वरचा घ्या.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते हे यंत्र वापरणाऱ्यानं एवढी एक लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं: यातल्या बहुतेक चुका आकडा खाली ओढतात. रोख चुकला, भिंत दिसली, आकडा कमी. टोक सैल बसलं, आकडा कमी. नळी मळानं बुजली असेल तर यंत्राला मळाचा पृष्ठभाग दिसतो, आकडा कमी. यंत्राच्या टोकातल्या भिंगावर बोटाचा तेलकट डाग, आकडा कमी. नुकतंच गार वाऱ्यातून आलात, पोहून आलात, तरी कमीच. उलट बाजूची उदाहरणं मोजकी आहेत: कान उशीवर दाबला गेला होता, कानटोपी घातली होती, श्रवणयंत्र नुकतंच काढलं. अशा वेळी, आणि गार वाऱ्यातून किंवा पाण्यातून आल्यावरही, वीसेक मिनिटं थांबावं म्हणजे कान मूळ पदावर येतो. पण तसं काही झालेलं नसेल, आणि ३७.४, ३८.१, ३७.८ असे आकडे आले असतील, तर सरासरी काढत बसू नका. ३८.१ धरा. त्या वेळी यंत्रानं पडद्याला सर्वांत जवळून पाहिलं असण्याची शक्यता जास्त.

अर्थात लागोपाठ दहा वेळा बटण दाबण्यातही अर्थ नाही. गार टोक कानात गेलं की ते नळीच्या भिंती थोड्या थंड करतं. काही यंत्रांत यासाठी टोक आधीच कोमट करण्याची सोय असते. दोन मापांमध्ये थोडं थांबावं, आणि दर वेळी तोच कान घ्यावा, कारण दोन कानांत थोडा फरक असणं नेहमीचंच आहे.

भिंगाचं मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. घरातल्या यंत्रानं दोन दिवस सगळ्यांना ३५.९ दाखवलं. सेल बदलले, पुस्तिका वाचली, चिडचिड केली. शेवटी टोक उजेडात तिरपं धरलं तेव्हा भिंगावर पातळ थर दिसला. स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीनं हलकेच पुसलं आणि लगेच बटण दाबलं, तर आकडा आणखी विचित्र, कारण स्पिरिट उडताना भिंग गार होतं. नीट वाळू दिल्यावर गाडी रुळावर आली. ही पातळ थराची किमया नवलाची वाटते. पण डोळ्यांना जे पारदर्शक ते अवरक्त किरणांना पारदर्शक असतंच असं नाही. खिडकीची साधी काच या लांबीच्या किरणांना जवळजवळ भिंतच. उलट पातळ पॉलिथिनमधून ते बऱ्यापैकी आरपार जातात, म्हणूनच टोकावर चढवायच्या टोप्या तशा प्लास्टिकच्या असतात. टोपी थोडे किरण अडवते आणि तेवढी भर यंत्र हिशेबात आधीच धरून ठेवतं. त्यामुळे टोपीसकट वापरायचं यंत्र टोपीशिवाय वापरलं तर आकडा चुकतो, आणि सुरकुतलेली, वापरलेली टोपी पुन्हा चढवली तरीही.

आता आकड्याचा अर्थ. ३७ अंश म्हणजे ९८.६ फॅरनहाइट हा आकडा कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांमुळे रूढ झाला. त्यांनी सुमारे २५,००० रुग्णांची मापं घेऊन १८६८ साली ती प्रसिद्ध केली. त्यांचा थर्मामीटर काखेत धरायचा आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं लागायची. ९८.६ मधला तो '.६' फारच शास्त्रीय वाटतो, पण तो आला आहे ३७ या पूर्ण आकड्याच्या रूपांतरातून. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांची तोंडातली तापमानं तपासली तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. शिवाय पहाटे तापमान खाली असतं आणि दुपार टळल्यावर वर जातं, दिवसभरात अर्धा अंश सहज. कानात तर ३५.८ पासून ३८च्या जवळपासपर्यंतचा पट्टा निरोगी माणसांत दिसतो. ताप म्हणायचा तो कानात ३८.० म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेल्यावर.

म्हणून घरातली सगळी ठणठणीत असतानाच प्रत्येकाचं माप दोनतीन दिवस सकाळ-संध्याकाळ घेऊन लिहून ठेवा. एखाद्याचं नेहमीचं ३६.३ असेल तर त्याचं ३७.७ आणि नेहमी ३७.१ वर असणाऱ्याचं ३७.७ या वेगळ्या गोष्टी आहेत. या सरावात आपला हातही बसतो.

काखेतल्या मापाशी ताडून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती दोन वेगळ्या जागांची तापमानं आहेत, ती जुळणार नाहीत. काखेतल्या आकड्यात एक अंश मिळवायची जुनी सवय तर इथे अजिबात नको, कारण काही यंत्रं आतल्या आत कानाच्या मापाचं तोंडातल्या किंवा गुदद्वारातल्या मापात रूपांतर करून दाखवतात. तुमचं यंत्र काय करतं ते पुस्तिकेत असतं. गुदद्वारातलं माप आणि कानातलं माप यांची मुलांमधली तुलना करणारा मोठा आढावा २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरासरी फरक ०.२९ अंशांचाच होता, पण एकेका मुलात तो उणे ०.७४ पासून अधिक १.३२ पर्यंत पसरलेला. म्हणजे ताप आहे की नाही, चढतोय की उतरतोय, हे कळायला यंत्र चांगलं, ३८.२ आणि ३८.४ यांत फरक करत बसायला नाही.

तान्ह्या बाळाला मात्र हे यंत्र नको. नळी इतकी बारीक असते की टोक नीट बसतच नाही. सहा महिन्यांच्या आत कानाचं माप भरवशाचं नाही असं बरेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. तिथे कांडीचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं तापमान ३८ किंवा वर असेल तर पुन्हा पुन्हा मोजत न बसता तडक डॉक्टरकडे. कान फुटला असेल, त्यातून पू किंवा रक्त येत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तरी त्या कानाला हात लावू नये.

विकत घेताना मी आधी टोक पाहीन. ते निमुळतं हवं आणि भिंग सहज पुसता यावं. टोप्या लागणारं यंत्र असेल तर त्या टोप्या सुट्या मिळतात का हे आधी बघा, नाहीतर सहा महिन्यांत यंत्र निकामी. चुकीचं माप असेल तर आकड्याऐवजी चूक दाखवणारं यंत्र बरं. अंधारात वाचता येणारा आकड्यांचा पडदा आणि शेवटची काही मापं लक्षात ठेवण्याची सोय रात्री फार उपयोगी पडते. वैद्यकीय थर्मामीटरसाठी आयएसओ ८०६०१-२-५६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा उल्लेख असावा. खोक्यावरचं अचूकतेचं '±०.२' हे प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानाच्या साधनासमोरचं असतं, वळवळणाऱ्या मुलाच्या कानातलं नव्हे. कान आणि कपाळ दोन्ही मोजणारी यंत्रं दिसायला सोयीची, पण चुकीच्या सेटिंगवर राहिली तर आकडा भलताच येतो. मला ती आवडत नाहीत. मोबाइलला जोडली जाणारी यंत्रं ज्याला तक्त्यांची हौस आहे त्यानं घ्यावीत.

डॉक्टरांना फोनवर सांगताना नुसतं '३८.६' म्हणू नका. कानात मोजलं, कोणत्या कानात, किती वाजता आणि तापाचं औषध देऊन किती वेळ झाला होता, हेही सांगा.