गुलबर्ग्याचे बंदानवाज : सोलापूरकरांच्या जियारतीमागची गोष्ट

सोलापुरी चादर म्हटलं की परगावच्या माणसाला मागावरची जाड, टिकाऊ चादर आठवते. आमच्या पेठेत मात्र उरसाच्या दिवसांत कुणी ‘चादर घेऊन निघालोय’ म्हणालं, की पुढे काही विचारावं लागत नाही. तो गुलबर्ग्याला, सूफी संत ख्वाजा बंदानवाजांच्या दर्ग्यावर चादर चढवायला, जियारतीला म्हणजे कबरीच्या दर्शनाला निघालेला असतो. २०१४ पासून शहराचं नाव कलबुरगी झालं आहे, पण नवस बोलताना तोंडात गुलबर्गाच येतं.

रस्ता रुळांचा. होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड आणि मग गुलबर्गा; सगळं मिळून ११० किलोमीटरच्या आसपास. स्वामी समर्थांचे भक्त, दत्तदर्शनाला निघालेली कुटुंबं आणि मांडीवर फुलांची करंडी सांभाळत बसलेली दर्ग्याची माणसं एकाच डब्यात असतात. कोण कुठे उतरणार, हे जेवणाच्या डब्यांवरून आणि पिशव्यांवरून कळतं. बंदानवाज हे दिल्लीहून आलेले पाहुणे संत, असं या डब्यातही बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

बंदानवाजांचं मूळ नाव सय्यद मुहम्मद हुसैनी. त्यांचा जन्म १३२१ मधला, दिल्लीतला. पण मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा हे कुटुंबही दक्षिणेत आलं. मुलगा तेव्हा सहा-सात वर्षांचा. वडील सय्यद युसुफ ऊर्फ राजू कत्ताल इथेच वारले. त्यांची कबर खुलदाबादला आहे. म्हणजे दिल्लीच्या या थोर सूफीचं बालपण वेरूळच्या डोंगरांजवळ, मराठी मुलखात गेलं. गुलबर्ग्याची गोष्ट मला इथूनच सुरू करावीशी वाटते.

पंधराव्या वर्षाच्या सुमाराला ते दिल्लीला परतले आणि निजामुद्दीन औलियांचे खलिफा, म्हणजे आध्यात्मिक वारस, नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांचे मुरीद, म्हणजे शिष्य झाले. गेसूदराज, म्हणजे लांब केसांचे, हे नाव तिथलंच. पीरांची पालखी खांद्यावर असताना त्यांचे केस पालखीत अडकले. सोडवायला थांबणं म्हणजे अदब मोडणं, म्हणून तसेच ओढ सोसत ते चालत राहिले, अशी कथा दर्ग्याची सेवा करणारे मुजावर आजही सांगतात. १३५६ मध्ये गुरू गेले, आणि पुढची चाळीसेक वर्षं त्यांनी दिल्लीतच लोकांना मार्ग दाखवला.

मग १३९८ उजाडलं. तैमूरची फौज दिल्लीवर चालून आली आणि सत्त्याहत्तर वर्षांचा हा माणूस माणसं बरोबर घेऊन बाहेर पडला. ग्वाल्हेर, गुजरात करत ते आले ते वडिलांच्या कबरीपाशी, खुलदाबादला. तिथून बहमनी सुलतान फिरोजशहाने त्यांना गुलबर्ग्याला बोलावलं. या वयात लोक घराचा उंबरा ओलांडत नाहीत. त्यांनी पुढची वीसहून अधिक वर्षं तिथे खानकाह, म्हणजे सूफींचा मठ, चालवली.

फिरोजशहा विद्वान होता, पण दोघांचं जमलं नाही. खानकाह किल्ल्याजवळ होती आणि तिथली गर्दी, समाच्या, म्हणजे सूफी गायनाच्या, मैफली दरबाराला खुपू लागल्या. शेवटी ती शहराच्या दुसऱ्या अंगाला हलवावी लागली. दर्गा आज आहे तिथे. वारसाचा प्रश्न आला तेव्हा सुलतानाला आपला मुलगा हवा होता, तर बंदानवाजांचा आशीर्वाद त्याच्या भावाला, अहमदला मिळाला. १४२२ मध्ये अहमदशहा गादीवर आला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बंदानवाज गेले. फिरोजशहाची भव्य कबर दर्ग्यापासून जवळच, हफ्त गुंबद या बहमनी कबरींच्या समूहात आहे. तिथे फार कुणी जात नाही.

दर्ग्याची मुख्य इमारत अहमदशहाच्या काळातली. भिंतींवर एकावर एक कमानींच्या दोन रांगा आणि वर मोठा घुमट. ऊद-लोबानच्या धुरात मान वर केली की घुमटाच्या आतल्या अंगाची रंगीत नक्षी दिसते. अहमदशहाने पुढे राजधानी बिदरला नेली. तिथे अष्टूरला त्याचाही उरूस भरतो आणि त्यात लिंगायत जंगमांना मान असतो, कारण कित्येक लिंगायत त्याला बाराव्या शतकातले शरण संत अल्लमप्रभू मानतात. ज्या अल्लमप्रभूंनी सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या आपल्या सिद्धरामेश्वरांना बसवेश्वरांच्या कल्याणची वाट दाखवली, तेच नाव. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

गुलबर्ग्याचा उरूस जिल्कद या इस्लामी महिन्यात, १५ तारखेच्या संदलपासून, म्हणजे कबरीला चंदन लावण्याच्या विधीपासून असतो. चंद्राचा महिना, म्हणून दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संक्रांतीची ठरलेली. हा उरूस मात्र कधी रणरणत्या उन्हात, कधी भर पावसात येतो.

बंदानवाजांच्या नावावर दखनीतली, म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या उर्दूतली, बरीच रचना सांगितली जाते. त्यातली सगळी त्यांच्या हातची मानायला अभ्यासक तयार नाहीत. तरी त्यातल्या चक्कीनाम्यांपाशी मी थांबतो. बायकांनी दळताना म्हणायची ही सूफी गाणी. पुढे विजापूरच्या सूफींनीही ती रचली. त्यांत जातं म्हणजे देह, खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि मधला खिळा म्हणजे पैगंबर. आमच्या वाड्यात जातं एकच होतं. पहाटे आजी ज्वारी दळताना विठ्ठलाची ओवी म्हणायची. तिचं झालं की शेजारच्या चाची बसायच्या, खुंट्याला हात लावण्याआधी ‘या बंदानवाज’ म्हणायच्या आणि त्याच लयीत दखनीत गायच्या. आजी पीठ भरता भरता मागचा शब्द धरायची.