जिन्यावरच्या गर्दीतले वेश

‘द फॅन्टम ऑफ द ऑपेरा’ हे इंग्रजी संगीत नाटक मार्च २०२५ मध्ये मुंबईत आले आणि गोव्यातले काही नाट्यवेडे खास तिकडे जाऊन ते पाहून आले. परतल्यावर त्यांच्या बोलण्यात कोसळणारे झुंबर होते, तळघरातली होडी होती. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मुखवट्यांच्या नाचात जिन्यावर कोण कोण उभे होते, हे मात्र कोणी फारसे सांगितले नाही. या नाटकाचे जुने चाहते नेमके तेच बघतात. मागच्या रांगेत आज कोणता वेश आहे, तो कोणाच्या अंगावर आहे, मागच्या खेपेला न दिसलेला एखादा दिसतो का, याकडे त्यांचे डोळे लागलेले असतात.

नाटक इतकी वर्षे चालले नसते, तर ही नजर तयारच झाली नसती. लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात ते ९ ऑक्टोबर १९८६ रोजी सुरू झाले. न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरात २६ जानेवारी १९८८ पासून १६ एप्रिल २०२३ पर्यंत त्याचे १३,९८१ प्रयोग झाले. नट बदलत गेले, वेशांचे आराखडे तेच राहिले. पदे पाठ झालेल्या प्रेक्षकाचा डोळा मोकळा होतो आणि रंगमंचाच्या कडेकडेने फिरू लागतो. जांबावलीच्या गुलालात किंवा गावच्या जत्रेत ‘सौभद्र’ वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण डोळा कडेला गेल्यावर तिथे बघण्यासारखे काही असावे लागते. ते निर्माण केले मारिया ब्योर्नसन यांनी. नेपथ्य त्यांचे आणि वेशभूषाही त्यांचीच. १९८८ मध्ये दोन्हींसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाले. त्याआधी त्यांनी झेक संगीतकार यानाचेकच्या ऑपेरांसह बऱ्याच ऑपेरांचे काम केले होते, आणि ते या नाटकात पदोपदी जाणवते. नाटकाच्या पोटात तीन खोटे ऑपेरा आहेत. ‘हॅनिबल’ एकोणिसाव्या शतकातल्या अवजड भपक्याचा, ‘इल म्युटो’ अठराव्या शतकातल्या हलक्याफुलक्या प्रहसनाचा आणि तिसरा खुद्द फॅन्टमने, म्हणजे ऑपेरागृहाच्या तळघरात लपून राहणाऱ्या मुखवटेधारी माणसाने लिहिलेला. समूहातला तोच गायक एका रात्रीत गुलाम, दरबारी, पाहुणा असे वेश पालटत जातो. सगळे मिळून सुमारे २३० पोशाख लागतात.

मुखवट्यांच्या नाचाचा प्रवेश मात्र यातही वेगळा पडतो. त्याला पॅरिसचा खरा इतिहास आहे. तिथल्या ऑपेराचे मुखवट्यांचे नाच १७१६ पासून भरत. अशा नाचात तोंड झाकलेले असले की मान-मरातब काही काळ बाजूला राहतो; आपल्याकडच्या जुन्या इंत्रुजातही, म्हणजे गोव्याच्या कार्निव्हालात, हीच मोकळीक होती. गास्ताँ लरू यांच्या मूळ कादंबरीतही हा नाच आहे आणि फॅन्टम तिथे लाल पोशाखात, कवटीचे तोंड लावून येतो. एडगर ॲलन पो यांच्या कथेत साथीच्या रोगाचे रूप घेऊन येणारा तो लाल मृत्यू. रंगमंचावर तो लाल रंग उठून दिसायचा, तर भोवतीची गर्दी एकरंगी असून चालणार नव्हते आणि नुसती रंगीबेरंगी असूनही भागणार नव्हते. ब्योर्नसन यांनी गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतंत्र सोंग दिले. अर्धे अंग पुरुषाचे आणि अर्धे स्त्रीचे असा एक वेश आहे, तो आपल्या डोळ्यांना अर्धनारीनटेश्वराची आठवण करून देतो. झांजा घेतलेली माकडीण आहे. नाटकाच्या अगदी सुरुवातीला लिलावात विकली जाणारी संगीतपेटी ज्याने पाहिली, त्याला ही माकडीण कुठून आली ते लगेच कळते, कारण त्या पेटीवर इराणी झग्यातले झांजा वाजवणारे माकड बसलेले असते. मला हा धागा सगळ्यात मोलाचा वाटतो. कथेतली वस्तू गर्दीत येऊन नाचते, आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

जिन्यावरची सगळी माणसे खरी नसतात, हेही लक्षात ठेवावे. मूळ मांडणीत मधूनमधून पोशाख चढवलेले पुतळे उभे केलेले आहेत, त्यामुळे मोजके नट असूनही जिना भरलेला दिसतो.

एखादा वेश अनोळखी वाटण्याची कारणे साधी आहेत. समूहातला कोणी आजारी पडला की ‘स्विंग’ म्हणून ठेवलेला नट त्याची जागा घेतो. अंगकाठी बदलते, तशी वेशाची ठेवणही बदलते. शिवाय टोकियो, व्हिएन्ना, हॅम्बर्ग अशा ठिकाणी हेच आराखडे नव्याने शिवले गेले, आणि कापड व कारागीर बदलला की तोच वेश थोडा निराळा उतरतो. बुडापेस्टमध्ये २००३ साली तर मांडणीच संपूर्ण नवी होती.

आपल्या संगीत नाटकात अशी गर्दी नाही. किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्रा’पासून पद पात्राचे असते, जमावाचे नसते, नांदी तेवढी सगळे मिळून म्हणतात. त्यामुळे बालगंधर्वांच्या काळापासून पैसा आणि कौतुक नायिकेच्या शालूवर गेले, आणि द्वारपाल, सेवक, सख्या यांच्या वाट्याला कपडेपटातून जे उरेल ते आले. उत्सवी नाटकात आजही हेच चालते, आणि मला ते खटकते. कारण विचित्र वेश ओळखण्याची नजर गोव्यात जुनीच आहे. दशावतारी काल्यात काळ्या झग्यातला, तोंड झाकलेला संकासूर मांडवात शिरला की पोरे मागे सरतात. डिचोली-सत्तरीच्या घोडेमोडणीत कमरेला बांधलेल्या लाकडी घोड्याची सजावटही लोक बारकाईने पाहतात. ही नजर मंडळींनी ‘सौभद्रा’तल्या सुभद्रेच्या सख्यांकडे वळवली, तर दोन सख्यांना दोन वेगळ्या घरच्या मुली म्हणून उभे करायला फारसा खर्चही येणार नाही.

ज्यांना मुंबईला जाणे जमले नाही, त्यांनी २०११ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये नाटकाला पंचवीस वर्षे झाली म्हणून झालेल्या प्रयोगाचे चित्रीकरण पाहावे. २००४ चा चित्रपट यासाठी उपयोगाचा नाही. त्यात हा नाच बहुतांशी काळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी रंगांत रंगवला आहे. देखणा आहे, पण त्या गर्दीत एकेक माणूस शोधायला डोळ्यांना जागा मिळत नाही. अल्बर्ट हॉलचा प्रयोग पाहताना पहिल्या वेळी गाणे ऐकावे, दुसऱ्या वेळी नायक-नायिकेवरची नजर काढून फक्त मागची रांग बघावी, आणि सुरुवात झांजा घेतलेल्या माकडिणीपासून करावी.