ॲसिडमध्ये जंतू टिकतात ते नेमकं कसं, आणि 'टॉलरन्स' की 'रेझिस्टन्स' हा घोळ : थोडी पार्श्वभूमी

जठरात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं हे १८२४ मध्येच लंडनला दाखवलं गेलं होतं, आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू १८८५ च्या सुमारास तान्ह्या बाळांच्या शीतून सापडला, हे बहुतेकांना माहीत असतं म्हणून पुढे जातो. पहिला धागा मिळाला १९४० च्या दशकात, केंब्रिजला. तिथे लक्षात आलं की जंतू आंबट माध्यमात वाढवले की ते अमिनो ॲसिड (प्रोटीनचे घटक) तोडणारी एन्झाइम जास्त बनवतात, आणि तेव्हाच कुणीतरी म्हटलं होतं की हे आजूबाजूचं ॲसिड मारायला असावं. नंतर बरीच वर्षं फारसं काही झालं नाही.

१९९० मध्ये साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूवर काम झालं आणि तिथून शब्दांचा गोंधळ सुरू झाला. वाढत असलेले जंतू आधी पीएच ५.८ ला (पीएच जितका कमी तितकं ॲसिड जास्त) थोडा वेळ ठेवले तर पुढे ३.३ चा मारा ते सोसतात, याला नाव पडलं 'ॲसिड टॉलरन्स'. मग ई. कोलाय आणि हगवणीचा जंतू शिगेला बघितले तर ते वाढ थांबल्यावर २.५ पीएचला काही तास सहज जगतात, याला नाव दिलं 'ॲसिड रेझिस्टन्स'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकात आधी तालीम लागते आणि दुसऱ्यात वेगळी यंत्रणाच आहे, पण मराठीत दोन्हीला 'आम्ल सहन करणं' म्हणून मोकळे होतात आणि मला हे खरंच खटकतं. त्यात थुंकीच्या रिपोर्टवरचं 'एएफबी', म्हणजे ॲसिड फास्ट, हेही लोक यातच घुसडतात! त्याचा पोटातल्या ॲसिडशी काही संबंध नाही, रंग दिल्यावर ॲसिडने धुतला तरी टीबीच्या जंतूचा रंग जात नाही, इतकाच त्याचा अर्थ.

रेझिस्टन्सच्या यंत्रणांनाही पुन्हा नंबर आहेत, एक ते चार. दोन नंबरचा ग्लुटामेट या अमिनो ॲसिडवर चालतो, तीन आर्जिनिनवर, चार लायसिनवर. एक नंबरला बाहेरून अमिनो ॲसिड लागत नाही, तो ग्लुकोज असला की दबतो, आणि तो नेमका चालतो कसा यावर वर्षानुवर्षं वाद झाला. माझ्या मते सगळ्यांना एकाच माळेत ओवून नंबर द्यायलाच नको होते, नंबर दिले की सगळं सारखंच उलगडलंय असं वाटतं.

सगळ्यात जोरदार दोन नंबरचाच. डाळ, टोमॅटो, चीज यांतलं ग्लुटामेट आत ओढायचं, ते तोडताना आत शिरलेला एक प्रोटॉन (ॲसिडचा आंबटपणा आणणारा कण) खर्ची पडतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि उरलेला गाबा नावाचा पदार्थ बाहेर टाकून त्याच्या बदल्यात नवीन ग्लुटामेट आत. बाहेर २.५ असताना आत पीएच ४ च्या थोडा वर राहतो, म्हणजे आतसुद्धा आंबटच, पण मरण्याइतकं नाही. ही अदलाबदल करणारं दार पीएच ६.५ च्या वर बंदच असतं, म्हणजे ॲसिड नसताना ग्लुटामेट फुकट जाऊ नये याचीही सोय. शिवाय पेशीच्या दोन पडद्यांमधल्या जागेत एक छोटं प्रोटीन जोडीने असतं, ॲसिड लागलं की जोडी सुटते आणि ते बिघडणाऱ्या प्रोटीनांना धरून ठेवतं, कारण तिथे ॲसिड थेट पोचतं.

जठरातच राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जंतूचा मार्ग अगदीच वेगळा. तो १९८२ मध्ये पर्थला वाढवला गेला, युरियापासून अमोनिया काढून स्वतःभोवतीचं ॲसिड मारतो, आणि युरिया आत घेणारं त्याचं दार ॲसिडमध्येच उघडतं हे २००० मध्ये कळलं.

जंतू ॲसिडमध्ये टिकतात याचा प्रत्यक्षात फटका बसला तो ज्यूसच्या बाबतीत. पीएच ४ च्या खाली रोगाचे जंतू मरतात असं धरलं जायचं, पण १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सला सफरचंदाच्या सायडरमधून आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडे न तापवलेल्या सफरचंदाच्या ज्यूसमधून ई. कोलायचा ओ१५७ हा घातक प्रकार पसरला आणि एक लहान मूल गेलं. १९९८ मध्ये तिथल्या सरकारने न तापवलेल्या ज्यूसच्या बाटल्यांवर इशारा छापायला लावला आणि २००१ च्या नियमाने एक लाख जंतूंमागे एकच उरेल अशी प्रक्रिया सक्तीची केली.