लंबकाच्या आकड्यांत लपलेली चूक

अकरावीच्या प्रॅक्टिकलमध्ये लंबकाच्या दोलनांवरून गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’, काढतात. मुंबईत त्याची किंमत सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. एखाद्या गटाचं उत्तर १०.८४ आलं की मुलं घाबरतात आणि शेजारच्या जर्नलमधले आकडे उतरवून घेतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चूक नेमकी कुठे झाली हे त्या १०.८४ मध्येच लिहिलेलं असतं.

स्टॉपवॉच सुरू करताना तोंडून ‘एक’ निघालं, की २० मोजेपर्यंत प्रत्यक्षात १९ दोलनंच होतात. वेळ १९ची, भागाकार २०ने. दोलनकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारी वेळ, कमी येतो आणि ‘जी’च्या सूत्रात त्याचा वर्ग छेदात असल्याने ‘जी’ जवळपास ११ टक्क्यांनी फुगतो. शंका असेल तर १० दोलनं मोजून पाहा. हीच चूक असेल तर ‘जी’ १२च्या वर जाईल. बटण दाबताना ‘शून्य’ म्हणायची सवय लावली की झालं.

वेळ तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा ४०.१२ सेकंदच आली, तर तेही खटकायला हवं. बटणावरचं बोट सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने सहज मागेपुढे होतं. शतांशापर्यंत तीनदा जुळणारं रीडिंग बहुधा घेतलेलं नसतं, लिहिलेलं असतं.

मला सर्वांत आवडते ती लांबीची चूक. लंबकाची लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरायची. पुष्कळ मुलं नुसता दोरा मोजतात. गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल तर १०० सेंटिमीटर दोऱ्याला ‘जी’ ९.६९ येतो, ५०ला ९.६० आणि २५ला ९.४१. दोरा आखूड होईल तसा ‘जी’ घसरत जातो. हाताच्या थरथरीने आकडे वरखाली होतात, असे एकाच दिशेने चालत नाहीत. आता दोऱ्याची लांबी आडव्या अक्षावर आणि दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. रेषा सरळच येते, तिच्या चढावरून ‘जी’सुद्धा बरोबर निघतो, फक्त ती आरंभबिंदूतून जात नाही. पट्टी लावून रेषा मागे वाढवली, तर ती आडव्या अक्षाला उणे १ सेंटिमीटरवर छेदते. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, न लावता गोळ्याची त्रिज्या हाती येते.