मिनॉक्सिडिल आणि 'एफ'वालं मिनॉक्सिडिल एकच नाही हो

केस गळण्याचा विषय निघाला की, लग्नात असो, पोह्याच्या गाडीवर असो नाहीतर रात्री बारा वाजता सराफ्याच्या खाऊगल्लीत, आमच्या इंदुरात कोणीतरी हमखास म्हणतो, "मीपण मिनॉक्सिडिलच लावतो, फक्त एफवालं, ते जरा स्ट्राँग असतं." हे "स्ट्राँग असतं" ऐकलं की मला राहवत नाही. एफ म्हणजे 'फोर्ट', जास्त ताकदीचं, असं नाही. एफ म्हणजे फिनास्टेराइड, म्हणजे त्याच बाटलीत अजून एक दुसरंच औषध.

साधं मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढावेत म्हणून डोक्याला लावायचं औषध, तुम्हाला माहीतच असेल. मूळची बीपीची गोळी, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावायचं झालं, अमेरिकेत १९८८ मधे मंजुरी. १ एमएल सकाळी, १ एमएल रात्री, कोरड्या टाळूवर. सुरुवातीचे काही आठवडे केस उलटे जास्त गळतात, घाबरून सोडू नका, फरक ४ ते ६ महिन्यांनी दिसतो, आणि बंद केलं की काही महिन्यांत पुन्हा होतं तिथेच. घरात मांजर असेल तर फार जपा, तिला हे विषच आहे. लोशन की फोम यावर लोक तासन्तास वाद घालतात, त्यात काही नाही, लोशननी खाज सुटली तर फोम घ्या, संपलं.

आता फिनास्टेराइड. वंशातून आलेल्या टकलात डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केस बारीक बारीक होत जातात. मिनॉक्सिडिल त्या डीएचटीचं काहीच करत नाही, ते केसाला वाढत ठेवतं एवढंच. फिनास्टेराइड मात्र टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणारं एन्झाइमच अडवतं, म्हणजे हे सरळ हार्मोनमधे हात घालणारं औषध आहे. तेही आधी प्रोस्टेटसाठी, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठी आलं, १९९२ मधे ५ एमजीची गोळी, केसांसाठी १ एमजीची १९९७ मधे. आणि "डोक्यावर तर लावतोय, पोटात थोडीच जातंय" हा जो समज आहे ना, तो सोडा. टाळूतून ते रक्तात जातं, गोळीपेक्षा कमी जातं पण जातं, रक्तातलं डीएचटी उतरतं. म्हणून काही पुरुषांना शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं, मन उदास राहणं असे त्रास होऊ शकतात. प्रोस्टेटसाठी पीएसए नावाची रक्ततपासणी करणार असाल तर डॉक्टरांना हे लावतो म्हणून आधी सांगा, गोळीनी तो आकडा साधारण निम्मा दिसतो.

पण ज्यासाठी मी हे लिहितोय ते वेगळंच आहे. पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांची घडण डीएचटीवर होते, म्हणून गरोदर बाईच्या अंगाला फिनास्टेराइड लागता कामा नये. मला डॉक्टरांनी चिठ्ठीवर साधं ५ टक्के लिहून दिलं होतं. एका मेडिकलवर ते नव्हतं, तो म्हणाला, "भैया एक ही चीज है, एफ वाला ले जाओ, ज़्यादा असर करता है." नेलं. चार महिने लावलं. रात्री लावून झोपायचो, आणि रविवारी सकाळी बायको खोबरेल कोमट करून चंपी करून द्यायची, बोटांच्या टोकांनी चांगली दहा मिनिटं. तिला तिसरा महिना होता. फार्मसी शिकलेली माझी वहिनी आली होती, तिनी कपाटावरचं खोकं उचलून वाचलं आणि म्हणाली, "भाऊजी, हे लावलेल्या डोक्याला तुम्ही हिच्या हातानी तेल चोळून घेताय?"

ती रात्र मी झोपलो नाही. बायकोच्या डॉक्टरीणबाईंनी धीर दिला, एवढ्यानं शरीरात जाणारं प्रमाण फार थोडं असतं म्हणाल्या, पण बाटली त्याच दिवशी बंद करायला लावली, उशीच्या खोळी धुवून काढल्या. बाळ सुखरूप आहे. तरी तो सहा महिन्यांचा घोर मी कोणाला देणार नाही.

आणि ज्या बायका "यांच्याच बाटलीतलं थोडं मीपण लावते" म्हणतात त्यांनी तर आजच थांबा. दिवस गेलेले असताना किंवा अंगावर पाजत असताना साधं मिनॉक्सिडिलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मी एफच्या विरोधात नाही. काही पुरुषांना दोन्ही मिळून साध्यापेक्षा जास्त फायदा होतो, डॉक्टरांनी समजावून लिहिलं असेल तर जरूर लावा, हात धुवा, टाळू वाळेपर्यंत उशीवर डोकं टेकू नका. माझं मत विचाराल तर आधी सहा महिने साधं. आणि नाव, फोटो, किंमत काही न बघता खोक्यावर बारीक अक्षरात औषधं लिहिलेली असतात ते वाचा, मिनॉक्सिडिलच्या खाली दुसरी ओळ आहे का तेवढं बघा.

परवा पुन्हा तेच, "भैया प्लेन ख़तम है, एफ दे दूँ?" दोन दिवस खाडा पडला तर काही बिघडत नाही. मी म्हटलं, मागवून ठेवा, शनिवारी येतो.