ताठ पारदर्शक खिडक्या (नौकेच्या कापडी आच्छादनातील)

नौकेवरची सुकाणूची उघडी जागा पाऊस, वारा आणि लाटांच्या तुषारांपासून बंदिस्त करण्यासाठी पाइपच्या सांगाड्यावर कापडी आच्छादन चढवतात. त्यात मऊ प्लास्टिकऐवजी कडक शीटच्या ज्या खिडक्या बसवतात, त्यांना ताठ खिडक्या म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः फ्लोरिडात, हौशी मासेमारीच्या आणि सफरीच्या मोटरबोटींवर त्या सर्रास दिसतात. शिडाच्या नौकेवर त्या बैठकीच्या पुढच्या कापडी टपात असतात. या टपाला अमेरिकेत डॉजर आणि ब्रिटनमध्ये स्प्रेहूड म्हणतात. मुंबई-पुण्याच्या रिक्षांना पावसाळ्यात लावतात त्या पडद्यातली पारदर्शक चौकट याच कुळातली, पण मऊ जातीची. एकदोन पावसाळे झाल्यावर तिच्यातून रस्त्याकडेची दुकाने जशी दिसतात, त्याच तक्रारीपायी बोटवाले ताठ शीटकडे वळले.

अमेरिकी बोटवाले अशा कोणत्याही खिडकीला आजही ‘आयसिंग्लास’ म्हणतात. हा शब्द मुळात स्टर्जन माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेल्या, स्वच्छ सरसासारख्या पदार्थाचा. (पालघरकडचे मच्छीमार घोळ माशाच्या ज्या पिशवीला ‘बोत’ म्हणतात, ती याच जातीची वस्तू.) पुढे हे नाव अभ्रकाच्या पापुद्र्यांना चिकटले. शेगडीच्या दारात आणि सुरुवातीच्या उघड्या मोटारींच्या पडद्यांत अभ्रक बसवत. त्यानंतर सेल्युलॉइड आले, मग पीव्हीसी. वस्तू बदलत गेली तरी नाव माशाचेच राहिले.

मऊ खिडकी पीव्हीसीची असते, साधारण ०.७५ ते १ मिलिमीटर जाड. पीव्हीसी मुळात कडकच. प्लास्टिसायझर मिसळून त्याला लवचीक केलेले असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने हा द्रव निघून जातो आणि शीट पिवळट, ठिसूळ होते. पण खरा त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. दुपारी शीट ढिली पडून झोळ धरते, थंडीत आक्रसते आणि चापबटणे जागेवर पोचत नाहीत. प्रत्येक झोळ म्हणजे एक वाकडे भिंगच. रात्री बंदरात शिरताना समोरचा एक दिवा दोन दिसू लागला, की सुकाणूवरचा माणूस खिडकी गुंडाळून भिजणे पत्करतो.

ताठ खिडकीसाठी मुख्यतः दोन प्लास्टिके चालतात. पॉलिकार्बोनेट १९५३ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाले: जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांच्याकडून आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांच्याकडून. मॅक्रोलॉन आणि लेक्सान ही त्याची प्रसिद्ध व्यापारी नावे. अ‍ॅक्रिलिक त्याहून जुने; ते १९३३ पासून प्लेक्सिग्लास या नावाने ओळखले जाते. दोन्हींचे वजन काचेच्या निम्म्याच्या आसपास भरते. पॉलिकार्बोनेटवर हातोडा मारला तरी ते सहसा फुटत नाही, मात्र त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि संरक्षक लेप नसेल तर ते उन्हात पिवळे पडते. अ‍ॅक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश पार होतो आणि ऊन त्याला फारसे बाधत नाही. पण भोकाच्या काठापासून ते तडकते. आणखी एक फरक शीट बोटीवर चढेपर्यंत लक्षात येत नाही. मासेमारीला जाणारे पाण्यावरची चमक मारण्यासाठी पोलराइज्ड गॉगल घालतात. त्या गॉगलमधून वाकवून बसवलेल्या पॉलिकार्बोनेटकडे पाहिले, तर ताण असेल तिथे इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये हा प्रकार फार कमी. केवळ यामुळे समोरच्या खिडकीला अ‍ॅक्रिलिक निवडणारे कारागीर आहेत, आणि ते अगदी योग्यच आहे.

या कामातले सारे कौशल्य मापात आहे. कापड चार मिलिमीटरची चूक पोटात घालते, मऊ पीव्हीसीही ओढून बसवता येते. ताठ शीट काहीच सांभाळून घेत नाही. म्हणून आधी सांगाडा पक्का करतात, हलणारा पाइप आवळतात आणि मगच माप घेतात. टेपने घेतलेले आकडे इथे उपयोगाचे नाहीत. जाळीचे धागे असलेली पारदर्शक फिल्म सांगाड्यावर ताणून चिकटवतात आणि तिच्यावरच पाइपची कड, चेनची (झिपची) रेघ, बटणांच्या जागा आखतात. सुकाणूवर माणूस उभा करून त्याच्या डोळ्यांची उंचीही तिथेच खुणावतात. हे राहून गेले तर आडवी शिवण बरोबर नजरेसमोर येते, आणि मग ती बोट विकेपर्यंत छळते.

फिल्म काढण्याआधी आणखी एक परीक्षा घेतात. सपाट शीट एकाच दिशेने वाकते. भेळवाला कागदाचा कोन करतो तसा तिचा कोन होईल, नळकांडे होईल. पण चेंडूवर कागद चुण्यांशिवाय बसत नाही, तशी तीही दोन दिशांना वळत नाही. नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, गोलाव्यावर फिल्मला चुणी पडली, तर त्या जागी एका मोठ्या खिडकीऐवजी दोन अरुंद खिडक्या कराव्या लागतात. एका दिशेच्या बाकालाही मर्यादा आहेच. लेप नसलेल्या पॉलिकार्बोनेटला थंड असताना वाकवायचे, तर बाकाची त्रिज्या जाडीच्या किमान १०० पट धरतात, म्हणजे दीड मिलिमीटरच्या शीटला १५ सेंटिमीटर. लेप असला, किंवा शीट अ‍ॅक्रिलिकची असली, तर त्याहून बरीच जास्त.

ऊन-थंडीचा हिशेबही यातच येतो. पॉलिकार्बोनेटची एक मीटर लांब शीट ३० अंश सेल्सियसच्या फरकाने सुमारे २ मिलिमीटर वाढते. त्यामुळे स्क्रूचे भोक स्क्रूपेक्षा मोठे पाडतात आणि स्क्रू गच्च आवळत नाहीत. खिडकीच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई देतात, कारण चीर काटकोनात सुरू होते.

शीटच्या दोन्ही बाजूंना चिकटलेली संरक्षक फिल्म कापताना काढायची नसते. आखणी तिच्यावरच होते, शिवताना फक्त कडेची पट्टी सोलतात. मात्र काम झाल्यावर ती उन्हात राहू द्यायची नाही. काही आठवडे तापली की ती अशी धरते की नखाने तुकडे-तुकडे करून काढत बसावे लागते.

शिवण हा दुसरा कसोटीचा भाग. साधारण दीड-दोन मिलिमीटरपर्यंतची शीट जड मशीनवर थेट शिवता येते. त्याहून जाड असेल तर स्क्रू किंवा चौकट. मऊ पीव्हीसीची गुंडाळी करून ती मशीनच्या हाताखालून सरकवता येते. ताठ शीट गुंडाळली जात नाही, म्हणून ती कायम सुईच्या डावीकडे ठेवून चारही कडा फिरत-फिरत शिवतात. मोठी खिडकी असली की एक जण शिवतो आणि दुसरा नुसती शीट धरून तिच्याबरोबर गोल फिरतो. टाका ५-६ मिलिमीटरचा, म्हणजे कपड्याच्या मानाने फारच लांब ठेवतात. टाके जवळजवळ पडले की भोकांची ओळ पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते आणि पहिल्या जोरदार वाऱ्यात तिथूनच फाटते. वेग कमी ठेवावा लागतो. सुई तापली की भोकाशी प्लास्टिक वितळून दोरा अडकतो. दोऱ्याचेही गणित वेगळे आहे. शीट अजून शाबूत असताना पॉलिएस्टरचा दोरा उन्हाने कुजलेला असतो. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा, दोरा उन्हाला दाद देत नाही. तो महाग, मशीनवर निसरडा, पण पुन्हा शिवण्याची मजुरी वाचवतो.

निगा राखताना फडक्याआधी पाणी. वाळलेले मीठ न धुता पुसणे म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणे. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव पॉलिकार्बोनेटला घातक, आणि स्पिरिटने अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या चिरा उमटतात. डास घालवायच्या मलमातले डीट हे प्लास्टिक विरघळवणारे द्रव्य आहे. ते चोळलेल्या हाताचा पंजा खिडकीवर कायमचा उमटू शकतो. ताठ खिडकी काढून ठेवायची तर सपाटच, दोन शीटांमध्ये मऊ कापड घालून. सहा-सात खिडक्यांना तेवढी सपाट जागा लहान बोटीत नसते, म्हणून पुष्कळ मालक पुढच्या तीन ताठ आणि बाजूच्या मऊ असा मध्यममार्ग काढतात.

आच्छादन पुढून पूर्ण बंद आणि मागून उघडे असले, तर चालत्या बोटीच्या पाठीशी हवेचा दाब कमी होतो आणि इंजिनचा धूर मागून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. यासाठी पुढच्या मधल्या खिडकीला वरून बिजागरी किंवा तीन बाजूंनी चेन ठेवतात आणि बोट चालू असताना ती थोडी उघडी सोडतात. पुढून आलेली हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. तिच्याबरोबर तुषारही आत येतात.