शिंपल्यावरचं गोल भोक आणि द्वितीयेची ओहोटी

जुहूला किंवा आक्साला शिंपले वेचायला निघण्याआधी कॅलेंडरमध्ये वार पाहतो तशी तिथीही पाहावी. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर कोळी वापरतात तो हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, दुपारी आणि पहाटेही. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरायची. भरतीनंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी पाणी सर्वांत खाली जातं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावी.

वेचणाऱ्यासाठी सगळ्यांत सोयीच्या तिथी द्वितीया आणि तृतीया. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात ते पौर्णिमा-अमावास्येला, पण समुद्राचा प्रतिसाद एक-दोन दिवस मागे राहतो, त्यामुळे पाणी सर्वांत लांब हटतं ते त्यानंतर. पौर्णिमेची ओहोटी सकाळ-संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, म्हणजे अनेकदा अंधारात येते. द्वितीयेची येते सकाळी पावणेआठच्या आसपास, चांगल्या उजेडात. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, तर अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी चढउताराच्या भरती-ओहोटीला, जेमतेम दीड मीटर. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावं आणि पाणी फिरलं की अर्ध्या तासात किनाऱ्याकडे वळावं. बँडस्टँड किंवा कार्टर रोडच्या खडकांवर हे काटेकोर पाळावं, कारण पाणी आधी मागच्या घळींत भरतं आणि परतीची वाट बंद होते. तिथे हिरवं शेवाळ फार निसरडं असतं. पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. पावसाळ्यात लाटा भरपूर शिंपले बाहेर टाकतात, पण तेव्हाच निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटलही येतात. वाळूवर मेलेल्या ब्लू बॉटलच्या धाग्यांनाही हात लावू नये, ते तसेच डंख करतात.

वाळूवर शोध भरतीच्या रेघेपासून सुरू करावा. काड्या, फेस आणि प्लॅस्टिक जिथे ओळीने साचतं, तिथेच हलके, पातळ शिंपले येऊन पडतात. जाड आणि वजनदार शंख खाली, पाण्याच्या कडेला राहतात. तिसऱ्यांची, म्हणजे वाळूत राहणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांची, सुटी झालेली अर्धुकं सगळीकडे दिसतील. त्यांतली डझनभर उचलून सांध्याजवळचा फुगीर भाग नीट पाहा. एखाद्यावर सुईच्या टोकापासून तुरीच्या दाण्याएवढं, अगदी गोल भोक सापडेल. माळेत ओवायला बरं म्हणून बहुतेक जण ते खिशात घालतात, पण ते भोक म्हणजे शिकारीची खूण आहे.

हे काम नॅटिका गटातल्या समुद्री गोगलगायीचं. ती वाळूखाली सरकत जाऊन तिसरी गाठते, आपल्या रुंद पायात गुंडाळून घट्ट धरते आणि भोक पाडू लागते. हे नुसतं घासून होत नाही. तिच्याजवळ एक खास ग्रंथी असते. ती आम्ल आणि विकरं सोडून कवचाचा कॅल्शियम कार्बोनेट मऊ करते. मग दातांची पट्टी, म्हणजे रॅड्युला, तो थर खरवडते. पुन्हा ग्रंथी, पुन्हा पट्टी. अर्धा मिलिमीटर जाडी खोदायला साधारण एक दिवस जातो. शेवटी सोंड आत घालून ती मांस खाते.

भिंग घेऊन भोकाची कड पाहिली तर शिकारी कोण होता तेही कळतं. नॅटिकाचं भोक बाहेर रुंद आणि आत निमुळतं असतं. कड सरळ, नळीसारखी असेल तर बहुधा म्युरेक्स गटातल्या गोगलगायीचं. ती खडकांवर कालवं आणि शिणाण्या, म्हणजे हिरव्या शिंपल्या, यांवर जगते. कधी भोक अर्धवटच सोडलेलं दिसतं, म्हणजे तो हल्ला फसला. असा शिंपला मिळाला तर जरूर जपून ठेवावा.

याच वाळूत नॅटिकाची अंडीही असतात. ओहोटीला तळहाताएवढी, शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली वाळूची पट्टी दिसते आणि लोक ती रबराचा तुकडा समजून लाथाडतात. गोगलगायीने चिकट द्रावात वाळू आणि हजारो अंडी मिसळून ती घडवलेली असते. ती होती तिथेच राहू द्यावी.

शंख उचलल्यावर तोंड वर करून तळहातावर मिनिटभर स्थिर धरावा. आत हालचाल दिसली, शंखाच्या तोंडावरचं दार बंद झालं किंवा शंखखेकड्याचे पाय डोकावले तर लगेच पाण्याजवळ ठेवून द्यावा. खडकाळ भागातले शंकूच्या आकाराचे कोनस तर रिकामे वाटले तरी हातात घेऊच नयेत; त्यांचा डंख विषारी असतो. रिकामे असले तरी सगळे मोठे, अखंड शंख घरी नेऊ नयेत, कारण शंखखेकड्यांना घर म्हणून तेच लागतात. स्पेनच्या एका भूमध्य किनाऱ्यावर तीस वर्षांच्या अंतराने केलेल्या मोजणीत पर्यटक जवळपास तिप्पट झाले आणि शिंपले जवळपास त्याच पटीत घटले होते. प्रवाळाचा तुकडा उचलणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. याच कायद्याच्या सूचींत 2001 पासून काही शंख-शिंपलेही आहेत, त्यात काचेसारखा पातळ, चपटा प्लॅसेंटा शिंपलाही येतो. ओळख पटत नसेल तर शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढावा. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, त्यावरून आकार कळतो. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातले अभ्यासक शहराच्या किनाऱ्यांवर लोकांना सोबत घेऊन फिरतात. ओळख शिकायला ती उत्तम जागा.

घरी आणलेले शिंपले दोन दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवावेत, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलावं. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं. वास येत असेल तर ब्लीच आणि पाणी समान घेऊन अर्धा तास पुरे. शिणाण्यांना मात्र ब्लीच लावू नये. त्यांचा हिरवा रंग वरच्या पातळ सेंद्रिय थरात असतो आणि ब्लीच नेमका तोच थर खातं. व्हिनेगर किंवा लिंबू तर कशालाच नको. आम्लात कवच फसफसून विरघळतं. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, तो धोका वेगळाच. वाळवायचं सावलीत. चमक हवी असेल तर बेबी ऑइलचा थेंब चोळावा; खोबरेल किंवा शेंगदाणा तेल कालांतराने खवट आणि चिकट होतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. प्लायवूडच्या कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेल्या शंखांवर जुलै-ऑगस्टमध्ये पांढरी भुकटी येते. बुरशी समजून लोक ती पुसतात आणि महिन्याभरात ती पुन्हा दिसते. ही बुरशी नव्हे, याला ‘बाइन रोग’ म्हणतात. 1899 मध्ये बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने त्याचं वर्णन केलं, पण त्याला ते जिवाणूंचं काम वाटलं. प्रत्यक्षात लाकूड, पुठ्ठा आणि प्लायवूडचा डिंक यांतून अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटते. दमट हवेत ती कवचाशी अभिक्रिया करून कॅल्शियमचे क्षार बनवते. तीच ही भुकटी. सुंदर नक्षी आणि चकाकी आधी जाते.

म्हणून काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाचा पॉलिप्रोपिलिनचा डबा वापरावा, आत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि जेल ओलावलं की तापवून किंवा बदलून घ्यावं. प्रत्येक शिंपल्यासोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी: किनारा, तारीख, वाळू की खडक. भुकटी आलेलीच असेल तर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, बेबी ऑइल लावून डबा बदलावा. खाल्ला गेलेला पृष्ठभाग परत येत नाही, पण झीज तिथेच थांबते.